इमला सुरक्षित, अतिथी वाऱ्यावर : हॉटेलांच्या विम्याचा एक आढावा

मराठीत 'हॉटेल' हा शब्द जितक्या सैलपणे वापरला जातो तितका दुसरा एखादा व्यवसायवाचक शब्द क्वचितच वापरला जात असेल. एस.टी. स्थानकासमोरची चहा-भज्यांची जागा हे हॉटेल, महामार्गालगत रात्रभर चूल पेटती ठेवणारा ढाबा हेही बोलण्याच्या ओघात हॉटेल, तीर्थक्षेत्रातील लॉजिंग-बोर्डिंग हे हॉटेल आणि अपोलो बंदरावरील ताजमहाल हेही हॉटेलच. बाह्यतः इतक्या भिन्न असलेल्या या वास्तूंना एका नावाखाली आणणारे सूत्र मात्र खरे आहे. ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही अशा माणसाला हॉटेलवाला आपल्या छपराखाली घेतो, आणि तो माणूसही आपला देह, आपले सामान, आपले वाहन व आपली रात्रीची झोप तितक्याच निःशंकपणे त्याच्या हवाली करतो. ज्या धंद्याचे सारे भांडवल अशा परस्परविश्वासात गुंतलेले आहे, त्या धंद्याचा विमा केवळ भिंती, छप्पर आणि फर्निचर यांच्यापुरता मर्यादित असावा, ही गोष्ट विचार करणाऱ्या माणसास खटकल्यावाचून राहत नाही. तथापि आपल्याकडील बहुसंख्य लहान-मध्यम हॉटेलांची वस्तुस्थिती नेमकी तीच आहे. ही वस्तुस्थिती कशी निर्माण झाली, उपलब्ध विम्याचे स्वरूप काय आणि त्यात उणे कोठे राहते, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

मुंबईच्या इतिहासात हॉटेल आणि विमा या दोन व्यवसायांची सांगड एकाच घराण्यात घातली गेलेली दिसते. जमशेटजी टाटा यांनी १९०३ साली ताजमहाल हॉटेल लोकांस खुले केले, आणि त्यांचे चिरंजीव सर दोराबजी यांनी १९१९ साली न्यू इंडिया ॲश्युरन्स ही विमा कंपनी स्थापन केली. पित्याने पाहुण्यांसाठी घर बांधले आणि पुत्राने इतरांची जोखीम आपल्या शिरावर घेणारी पेढी उभारली. पुढे १९३८ चा विमा कायदा आला. त्यातील ६४ व्हीबी या कलमान्वये हप्ता आगाऊ हाती पडल्याखेरीज विमा कंपनीवर जोखीम येत नाही. सबब हप्त्याचा धनादेश न वटल्यास पॉलिसीचा कागद कितीही देखणा असला तरी तो निरुपयोगी ठरतो, ही गोष्ट हॉटेलमालकांनी आजही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमाकर्त्यांचे एकत्रीकरण होऊन चार सरकारी कंपन्या झाल्या, आणि आगीच्या विम्याचे दर व शर्ती दीर्घकाळ एकाच दरपत्रकाने बांधलेल्या राहिल्या. १९९९ च्या कायद्याने या क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना पुन्हा उघडले आणि १ जानेवारी २००७ पासून दरांवरील नियंत्रण सुटले. त्यानंतर हप्त्याच्या बाबतीत घासाघीस करण्याची मुभा मिळाली खरी, परंतु त्याबरोबरच शर्ती वाचण्याची जबाबदारीही ग्राहकाच्या गळ्यात पडली. ती जबाबदारी फार थोड्यांनी उचलली.

आगीचा विमा हा हॉटेल-विम्याचा पाया होय. ज्याला प्रमाणित अग्निविमा म्हणतात त्यात आग, वीज पडणे, स्फोट, दंगल व संप, वादळ व पूर, वाहनाची धडक, जमीन खचणे व दरड कोसळणे, पाण्याची टाकी फुटणे इत्यादी आपत्तींचा समावेश असतो, तर भूकंप आणि दहशतवादी कृत्ये यांसाठी परंपरेने जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागे. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या प्रदेशात हा जादा हप्ता वाचविण्याचा मोह किती घातक आहे, हे निराळे सांगावयास नको. एप्रिल २०२१ पासून या पायाची लहान उद्योगांपुरती फेररचना झाली असून, एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असल्यास 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत असल्यास 'भारत लघु उद्यम सुरक्षा' अशा दोन प्रमाणित पॉलिसी विमा कंपन्यांनी देणे क्रमप्राप्त झाले आहे. तालुक्याच्या गावचे लॉज, समुद्रकाठचे निवासस्थान आणि शहरातील बहुतेक उपाहारगृहे यांपैकी पहिल्या वर्गातच मोडतील.

येथे विमारकमेचा प्रश्न उपस्थित होतो, आणि माझ्या मते हॉटेलधंद्यातील निम्मे दुःख याच एका प्रश्नाच्या हयगयीतून उद्भवते. हप्ता कमी भरावा म्हणून मालमत्तेची किंमत कमी दाखविण्याची वहिवाट आपल्याकडे रूढ आहे, आणि हिशोब केवळ संपूर्ण नाशाचा करावयाचा असता तर तीत काही तथ्यही असते. परंतु पॉलिसीत सरासरीचे कलम असते. समजा, इमला व आतील सामान पुन्हा उभे करण्यास २ कोटी रुपये लागतील आणि विमा १ कोटीचाच उतरविला आहे. भटारखान्यात आग लागून ४० लाखांची हानी झाली, तर मालकाची कल्पना अशी असते की १ कोटीच्या विम्यातून ४० लाख सहज मिळतील. प्रत्यक्षात निम्म्या मालमत्तेचा विमा त्याने स्वतःच्या शिरावर ठेवला होता असे मानले जाते आणि त्याला २० लाखच मिळतात. वर उल्लेखिलेल्या दोन नव्या पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ करण्याची सवलत आहे, पण ती प्रामाणिक चुकीसाठी आहे. निम्मी किंमत लपविणाऱ्याला ती वाचवू शकत नाही. उलटपक्षी जमिनीची बाजारकिंमत विमारकमेत धरण्याचेही कारण नाही, कारण आग जमिनीला जाळत नाही.

याला जोडूनच आणखी दोन बाबी येतात. पहिली, पॉलिसी कोणाच्या नावाची आहे ही. आपल्याकडे मालक एक, जागेचा धनी दुसरा आणि हॉटेल 'चालवायला' घेतलेला तिसराच, अशी व्यवस्था सर्रास असते. मुंबईत हिला कंडक्टिंग म्हणतात. ज्याचा ज्या वस्तूत आर्थिक हितसंबंध आहे त्यानेच तिचा विमा उतरविला पाहिजे हा विम्याचा मूलभूत नियम असल्यामुळे, इमल्याचा विमा धन्याच्या नावे आणि शेगड्या, शीतपेट्या, टेबल-खुर्च्या मात्र चालविणाऱ्याच्या असूनही कोणाच्याच नावे नाहीत, असा प्रकार आगीनंतरच उघडकीस येतो. दुसरी बाब बँकेची. कर्ज देताना बँक आग्रहाने विमा उतरवावयास लावते आणि पॉलिसीत आपले कलम घालून घेते, ज्यायोगे भरपाई प्रथम बँकेकडे जाते. ही मागणी सर्वस्वी न्याय्य आहे. परंतु बँकेने सांगितला तेवढा विमा म्हणजे आपणास हवा तेवढा विमा, हा जो समज त्यातून दृढ होतो तो घातक आहे. बँकेला आपल्या तारणाची चिंता असते. पाहुण्याच्या मोडलेल्या पायाची किंवा भाजलेल्या आचाऱ्याची चिंता करणे हे बँकेचे काम नव्हे.

पाण्याचे संकट महाराष्ट्राला नवे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील छपरे आणि नारळी-पोफळी एकाच दिवसात भुईसपाट केल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. जुन्या दरपत्रकात वादळ-पुराचे संरक्षण वगळून हप्त्यात सूट घेण्याची सोय होती, आणि 'आमच्याकडे कुठे पूर येतो' अशा समजुतीने ती घेणारे बरेच निघत. पुरानंतरचे दृश्य ज्याने जवळून पाहिले आहे त्याला या सुटीची किंमत कळते. भिंतीवर छातीइतक्या उंचीला गढूळ पाण्याची एक सरळ रेघ उमटलेली असते. तिच्याखाली फुगलेल्या प्लायवुडची टेबले, चिखल भरलेला फ्रीज आणि गल्ल्याच्या खणातून काढून उन्हात वाळत घातलेली, पानापानाला चिकटलेली खतावणी. सर्व्हेअर येतो, त्या रेघेचा फोटो काढतो, खुर्च्या मोजतो आणि खरेदीची बिले मागतो, आणि बिले त्याच खणात असतात. मालमत्तेची यादी, बिलांच्या नकला आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे हॉटेलच्या बाहेर, एखाद्या नातलगाकडे किंवा ई-मेलवर ठेवण्यास एक दिवस पुरतो. त्या एका दिवसाअभावी दावे महिनोन् महिने रखडतात.

ऋतूवर चालणाऱ्या धंद्याने आणखी एका शर्तीकडे लक्ष पुरविले पाहिजे. प्रमाणित अग्निविम्याच्या जुन्या मसुद्यात, इमारत सलग ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिल्यास कंपनीची पूर्वसंमती घेतल्याखेरीज संरक्षण संपुष्टात येते असे कलम आहे. माथेरान-महाबळेश्वरात किंवा कोकणपट्टीत जी निवासस्थाने पावसाळ्यात दारे लावून घेतात, त्यांच्यावर वादळाचे संकट नेमके त्याच महिन्यांत येत असल्यामुळे, आपल्या पॉलिसीत हे कलम कोणत्या शब्दांत आहे हे मालकाने मे महिन्यातच पाहून कंपनीस लेखी कळवावे, हे श्रेयस्कर.

इमला उभा राहतो, पण तो उभा राहीपर्यंतच्या काळाचे काय, हा पुढचा प्रश्न. आगीच्या विम्यातून विटा आणि लाकूड मिळते. बंद पडलेल्या खोल्यांचे भाडे, चालू राहिलेले पगार, व्याज आणि वीजबिलाचा किमान आकार त्यातून मिळत नाही. त्यासाठी नफाहानीचा स्वतंत्र विमा असतो आणि त्यात भरपाईची मुदत आधीच ठरवावी लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ताजमहाल हॉटेलचा मनोऱ्याचा भाग त्याच डिसेंबरात उघडला, परंतु मूळची ऐतिहासिक वास्तू पाहुण्यांसाठी पूर्णपणे खुली होण्यास १५ ऑगस्ट २०१० उजाडला. म्हणजे सुमारे वीस महिने. बारा महिन्यांची मुदत पुरेशी आहे असे मानणाऱ्या प्रत्येक मालकाने हे वीस महिने आठवावेत. त्याच हल्ल्याने दहशतवादाच्या विम्याचेही महत्त्व पटविले. २००१ सालच्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर परदेशी पुनर्विमाकर्त्यांनी या जोखमीतून अंग काढून घेतले, तेव्हा भारतीय कंपन्यांनी एप्रिल २००२ मध्ये एकत्र येऊन भारतीय साधारण विमा निगमाच्या व्यवस्थापनाखाली एक सामाईक निधी उभारला होता. ही दूरदृष्टी सहा वर्षांनी मुंबईच्या कामी आली.

नफाहानीच्या विम्याची मर्यादा २०२० च्या टाळेबंदीत दिसून आली. २५ मार्च रोजी देशभरातील हॉटेले बंद झाली आणि अनेकांनी आशेने पॉलिसी उघडल्या. परंतु आपल्याकडील या विम्याची पूर्वअट अशी की विमा उतरविलेल्या मालमत्तेची प्रत्यक्ष हानी झालेली असली पाहिजे, आणि टाळेबंदीत तर एक कपही फुटलेला नव्हता. ब्रिटनमध्ये काही पॉलिसींत साथीच्या रोगाचे विस्तारकलम होते म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये बव्हंशी विमेदारांच्या बाजूने कौल दिला. तो विजय त्या कलमाच्या शब्दांचा होता. जे पॉलिसीत लिहिलेले नाही ते न्यायालयही वाचू शकत नाही, हा त्यातून घेण्याचा धडा आहे.

आता मी या विषयाच्या गाभ्याशी येतो. हॉटेलवाल्याच्या हाती सोपविलेल्या वस्तूची जबाबदारी किती असते, याचा विचार इंग्रजी न्यायालयांनी १५८४ सालापासून केलेला आहे. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याची कलमे १५१ व १५२ या बाबतीत आधारभूत आहेत. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलात एक पाहुणा आपल्या मारुती झेन गाडीने आला. त्याने गाडीची किल्ली दारावरच्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली आणि 'गाडी मालकाच्या जोखमीवर' असा मजकूर छापलेली चिठ्ठी खिशात घालून तो आत गेला. मध्यरात्र उलटल्यावर तो बाहेर येतो तो गाडी नाही. अन्य गाडीतून आलेल्या तरुणांपैकी एकाने किल्ली हस्तगत करून गाडी पळविली होती. पाहुण्याच्या विमा कंपनीने त्याला २ लाख ८० हजार रुपये दिले, आणि पैसे देऊन कंपनी स्वस्थ बसली नाही. पाहुण्याचा हक्क आपल्याकडे घेऊन तिने हॉटेलवरच दावा लावला. घटनेनंतर एकवीस वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की किल्ली ताब्यात घेतल्यावर गाडी सुखरूप परत करणे हे हॉटेलचे कर्तव्य होते, आणि स्वतःच्या निष्काळजीपणाचे दायित्व चिठ्ठीवरील छापील ओळीने झटकता येणार नाही. 'आपल्या सामानाची जबाबदारी आपल्यावर' ही पाटी आपल्याकडे प्रत्येक गल्ल्यामागे लटकते. या निवाड्यानंतर तिच्यावर विसंबणाऱ्याने आपली समजूत तपासून घ्यावी.

अन्नाच्या बाबतीत कायदा याहून कठोर आहे. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या ६५ व्या कलमान्वये सदोष अन्नाने मृत्यू ओढवल्यास भरपाई ५ लाख रुपयांहून कमी असू शकत नाही. एका लग्नाच्या पंगतीत विषबाधा झाली तर बाधितांची संख्या शंभरावर जाण्यास वेळ लागत नाही. उद्वाहक, पोहण्याचा तलाव, ओल्या पायऱ्या, खोलीतील गिझर ही सारी अशाच दायित्वाची उगमस्थाने होत. यासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा आहे. त्यात एका अपघातासाठी आणि संपूर्ण वर्षासाठी अशा दोन मर्यादा ठरवितात, आणि अन्नपेय, तलाव, उद्वाहक, पाहुण्यांची वाहने व सामान यांचा समावेश स्पष्ट शब्दांत करून घ्यावा लागतो. नामसादृश्यामुळे याची १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याशी गल्लत होते. तो कायदा भोपाळच्या दुर्घटनेनंतर घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी झाला. येथे अभिप्रेत असलेला विमा ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक आहे म्हणूनच तो घेतला जात नाही.

पाहुण्याइतकाच उपेक्षित राहतो तो नोकर. आचारी, वाढपी, मोरीवर भांडी घासणारा आणि रात्री टेबले जोडून तेथेच निजणारा पोऱ्या यांच्या श्रमावर हा धंदा चालतो. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा यांनी घातलेला पाया २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र गुंफण्यात आला आहे. दहा किंवा अधिक नोकर असलेल्या हॉटेलातील मर्यादित वेतनाचे कामगार राज्य विमा योजनेत येतात, आणि जे त्या योजनेबाहेर राहतात त्यांच्या अपघाताची भरपाई मालकाला स्वतः द्यावी लागते. तिच्यासाठी विमा मिळतो, परंतु हजेरीपत्रकावर ज्याचे नावच नाही त्याला विम्यात स्थान कोठून मिळणार? बारा नोकर ठेवून पाचांची नावे लिहिणारा मालक सात कुटुंबांना वाऱ्यावर सोडतो आणि स्वतःलाही.

चोरी व रोकड यांच्या विम्याबद्दल थोडक्यात सांगणे पुरे. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण आवश्यक असते. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ साली पॉलिसीतील या शर्तीचा अर्थ काटेकोरपणेच लावला. सबब उघड्या दारातून गेलेला माल त्यात बसत नाही. गल्ल्यातील व बँकेकडे नेताना वाटेतील रोकड यांसाठी निराळा आणि मुनिमाच्या अफरातफरीसाठी विश्वासनिष्ठेचा निराळा विमा घ्यावा लागतो. पुष्कळ कंपन्या हे सारे विभाग एकत्र बांधून हॉटेलांसाठी देतात, पण त्यांतील कोणते विभाग खरोखर घेतले आहेत हे परिशिष्टातच कळते.

विम्याची व्याप्ती कितीही वाढविली तरी खबरदारीची जागा तो घेऊ शकत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले, आणि १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोलबागेतील हॉटेलात १७ जण. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमान्वये अग्निशामक साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै अशा दोन वेळा परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावे लागते. हे प्रमाणपत्र केवळ कागदावर घेणारा आणि गच्चीवरील ताडपत्रीची शेड किंवा वाढविलेला गॅसचा साठा विमा कंपनीपासून लपविणारा मालक दुहेरी अपराध करतो. विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो. जोखमीचे खरे स्वरूप लपविले की आपत्तीच्या दिवशी कंपनीला नकाराचे कारण आयतेच मिळते. उलटपक्षी सर्व काही खरे सांगूनही कंपनी अकारण अडवणूक करीत असेल तर तिच्याकडे लेखी तक्रार करावी, आणि महिनाभरात समाधान न झाल्यास एकमालकी व सूक्ष्म उद्योगांना विमा लोकपालाचे दार विनाशुल्क उघडे आहे. त्याची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. ग्राहक आयोगाचा मार्ग तर आहेच.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की हॉटेलांच्या विम्यात आज उणीव आहे ती पॉलिसींची नव्हे, प्राधान्यक्रमाची. प्रथम बँकेचे तारण, मग स्वतःचा इमला आणि काही उरलेच तर पाहुणा व नोकर, हा रूढ क्रम उलटा केला पाहिजे. इमला जळाला तर मालकाचे नुकसान होते, परंतु पाहुणा जळाला तर ज्या विश्वासावर हा धंदा चालतो तो विश्वासच जळतो. हॉटेलमालक संघटनांनी सार्वजनिक दायित्वाचा विमा ही सदस्यत्वाची शर्त करावी, आणि शासनाने परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी अग्निप्रमाणपत्राबरोबर त्याचीही प्रत मागावी. तोवर प्रत्येक मालकास एवढीच विनंती आहे की आज रात्री गल्ला मोजून झाल्यावर खणातील पॉलिसी बाहेर काढावी, आणि तीत विमारकम खरी आहे काय, पूर व भूकंप आहेत काय, पाहुणा आहे काय आणि प्रत्येक नोकर आहे काय, हे चार प्रश्न स्वतःला विचारून मगच शटर ओढावे.